टेकडीवरचे उपडे हंडे

व्हिक्सबर्गला वेढा पडला तेव्हा आमच्या लविनियाबाईंनी घरातून सगळ्यात आधी हलवला तो उभा आरसा. आयसमबाबाने टेकडीच्या पिवळ्या मातीत त्यांच्यासाठी गुहा खणली होती, मान ताठ ठेवून आत शिरता येईल अशी. आरसा मागच्या भिंतीला टेकवला. मग गालिचा आला, झुलती खुर्ची आली, चांदीची चहादाणी आली. चहा केव्हाच संपला होता, पण चहादाणी आली.

आमची गुहा समोरच, मध्ये चुलीपुरती जागा. तीही आयसमबाबानेच खणली, उरल्या वेळात आणि उरल्या ताकदीत. तिच्यात वाकूनच शिरावं लागे.

"बाबा, जरा उंच केली असतीस तर?" मी म्हटलं.

"वाकायची सवय मोडायची एवढी घाई कशाला करतेस, केझाया? अजून थोडे दिवस," असं म्हणून म्हातारा नदीकडे बघून हसला. नदीत यांकींच्या, म्हणजे गुलामांना मोकळं करत येणाऱ्या उत्तरेच्या फौजेच्या, तोफांच्या बोटी उभ्या होत्या.

टेकडीवरच्या गोऱ्या बायका उठता-बसता "वेढा, वेढा" म्हणून उसासे टाकत. बाहेरून पीठ येईना, आतून माणूस जाईना. मला त्याचं फार नवल वाटलं नाही. बाईसाहेबांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय गुलामाला गल्लीचं टोक ओलांडता येत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. आता बाईसाहेबांनाही ते ओलांडता येत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

आमच्या गुहेत सामान म्हणजे तीन पायांचा बिडाचा हंडा. सकाळ-संध्याकाळ त्यात बाईसाहेबांचं जेवण शिजायचं. मधल्या वेळात तो आमचा असायचा, आणि तेव्हा आम्ही तो गुहेच्या तोंडाशी उपडा घालायचो.

ही रीत मळ्यावरची. तिथे आमच्या लोकांनी एकत्र जमून प्रार्थना करायची नाही, असा हुकूम होता. म्हणून दारात हंडा उपडा घालायचा, एका कडेखाली लाकडाचा तुकडा सरकवून तोंड थोडं उघडं ठेवायचं, आणि मग मनातलं बोलायचं. आवाज बाहेर पडायला निघाला की वाटेत हंड्यात शिरतो आणि तिथेच राहतो. खरंच राहतो का, हे मला विचारू नका. पहारेकरी घोड्यावरून आमच्या दारासमोरून जायचा आणि कधी थांबला नाही, एवढं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्यासाठी उपड्या हंड्याचा अर्थ एकच. इथे खरं बोलायला हरकत नाही.

हंडा उपडा घालायचं काम माझ्या सिल्वीचं. सिल्वी तेव्हा चौदाची होती. बाईसाहेबांना डोकेदुखीचा त्रास, म्हणून अगदी लहानपणी त्यांच्या खोलीत कामाला लागली तेव्हापासून तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. पावलांचा आवाज करायचा नाही आणि विचारलं की मान डोलवायची. फारच गरज पडली तर कुजबुजायचं. पोरगी इतकी हुशार की दोन्ही पक्क्या शिकली. हंड्याजवळ बसूनसुद्धा ती कुजबुजायचीच.

"जरा मोठ्याने बोल गं, सिल्वे. हंडा धरतो आवाज," मी म्हणायचे.

"येत नाही, आई," ती कुजबुजायची.

तर एके दिवशी कॅप्टन थर्लो जेवायला आला. बाईसाहेबांच्या मेलेल्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. खंदकातून अधूनमधून यायचा आणि येताना भूक आणि अफवा एवढंच घेऊन यायचा. आदल्या वर्षी सिल्वीच्या बापाला, माझ्या ल्यूकला, यांकींच्या हाती लागू नये म्हणून टेक्सासला हाकून नेलं, ते यानेच. त्यानंतर ल्यूकचा निरोप नाही, काही नाही.

"वहिनी, फार दिवस राहिले नाहीत," तो तोंडात घास घेऊन म्हणाला. "आपली दुसरी फौज मागून येतेय. वेढा फुटला की मी थेट अलाबामाला, घरी बायकोकडे. जाताना एमिलीसाठी काय नेऊ म्हणून विचार करत होतो. तुमची ही पोरगी द्या मला. एमिलीला अशीच हवी. हिला तर आवाजच नाही!"

"घेऊन जा की," बाईसाहेब म्हणाल्या आणि ताटलीतला तुकडा काट्याने उलटा करून बघायला लागल्या. "केझाया, हे बीफच आहे ना?"

"हो, बाईसाहेब."

"फारच चिवट लागतंय."

"म्हातारं होतं, बाईसाहेब."

ते खेचर होतं. दोनच दिवसांपूर्वी तोफेची गाडी ओढत आमच्या समोरून गेलं होतं. माझ्या तोंडून जे काही निघालं ते सवयीने निघालं, कारण माझं सगळं लक्ष सिल्वीकडे होतं. ती खुर्चीमागे पंखा धरून उभी होती. कॅप्टनने मागे वळून विचारलं, "काय गं, येशील ना माझ्याबरोबर?" आणि तिने मान डोलवली. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

नवरा ज्याने नेला होता, मुलगीही तोच नेणार होता. त्या दुपारी चुलीपाशी बसून मी गणित मांडलं. वेढा आहे तोवर कॅप्टनला बाहेर जाता येत नाही, म्हणजे सिल्वी माझ्याजवळ आहे. त्यांची फौज आली आणि वेढा फुटला तर सिल्वी गेली. आणि शहराने हात टेकले, यांकी आत आले, तर सिल्वीला कुणाच्या बापाची हिंमत नाही न्यायची. म्हणजे मला काय हवं? वेढा हवा, लांबलचक हवा, आणि शेवटी विजय यांकींचा हवा.

शहरात दुसरं कुणी वेढ्यासाठी देवाला साकडं घालत असेल का, मला शंका होती. ती लवकरच फिटली. आमची अख्खी गुहा तेच करत होती.

यांकी तोफखान्याचे लोक मोठे शिस्तीचे. दुपारी ठरल्या वेळी तोफा थंड करून जेवायला बसत. तेवढ्या वेळात टेकडीवरच्या बायका छत्र्या घेऊन पाय मोकळे करायला बाहेर पडत, आणि त्यांच्या स्वयंपाकिणी, धोबिणी, गाडीवान आमच्या गुहेत कोंबून बसत. सिल्वी हंडा उपडा घालायची आणि आयसमबाबा सुरुवात करायचा.

"देवा, त्या निळ्या डगलेवाल्या पोरांना पोटभर जेवू दे. त्यांचे हात भाजू देऊ नकोस. त्यांचा दारूगोळा कोरडा ठेव. आणि जेवण झालं की लोळू देऊ नकोस, लगेच कामाला लाव. नेम तेवढा तू स्वतः धर, कारण आम्हीही याच बाजूला आहोत."

मग एकेक जण हंड्यापाशी सरकून आपापलं बोलायचा. त्या दिवशी सिल्वीने गुडघे टेकले, तोंड हंड्याच्या कडेपाशी नेलं आणि कुजबुजली, "मला अलाबामाला नाही जायचं."

तिच्या तोंडून "नाही" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ऐकला म्हणजे काय, ओठांवरून ओळखला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते तेवढ्यात गुहेच्या तोंडाशी सावली पडली.

"केझाया! हंडा चुलीवर का नाही? असा उपडा कशाला घातलाय?"

लविनियाबाई. छत्री विसरल्या होत्या, म्हणून परत आल्या होत्या.

"गोळ्यासाठी, बाईसाहेब," मी म्हटलं.

"कसला गोळा?"

"तोफेचा. दारात हंडा उपडा असला की गोळा फिरकत नाही. आमच्यात म्हणतात तसं."

"आणि ही सगळी मंडळी?"

"गोळ्याला भिऊन आलीत."

"अडाणी!" बाईसाहेब म्हणाल्या. "इतकी वर्षं आमच्या घरात राहून तुमचं हे खूळ जाईना. देवावर भरवसा ठेवावा माणसाने." आणि छत्री उघडून गेल्या.

आयसमबाबाने कपाळाचा घाम पुसला. "केझाया, तू खोटं बोललीस की प्रार्थना केलीस, हे देव बघून घेईल," तो म्हणाला.

देवाने त्याच संध्याकाळी बघून घेतलं. नदीकडून एक मोठा गोळा शीळ घालत आला आणि बरोबर दोन गुहांच्या मधल्या जागेत पडला. फुटला नाही. वातीतून धूर सोडत, फुसफुसत, घरंगळत आमच्या दाराकडे निघाला. बाईसाहेब झुलत्या खुर्चीत गोठून बघत होत्या. मी सिल्वीला अंगाखाली घेतलं. गोळा हंड्याला ठण्णकन आपटला, थांबला आणि विझला.

का विझला, ते मला माहीत होतं. भांडी धुतल्याचं पाणी मी रोज तिथेच फेकायचे. तिथे घोटाभर चिखल होता. पण मला कुणी विचारलं नाही.

मग समोरून बारीक आवाज आला, "केझाया, तो हंडा इकडे आण."

"आणते, बाईसाहेब. मग उद्याचं जेवण कशात शिजवू?"

बाईसाहेब विचारात पडल्या. पोट आणि जीव यांतलं एक निवडायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात आली नव्हती. शेवटी म्हणाल्या, "घरातून कपडे उकळायचा मोठा हंडा आणवून घे. आयसमला पाठव. आत्ताच्या आत्ता."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुहेतल्या मिसेस गॅल्ट विचारपूस करायला आल्या आणि जाताना तो हंडा निरखून गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारात हंडा. मग त्यांच्या बहिणीच्या. ज्यांच्याकडे हंडा नव्हता त्यांनी पातेली घातली, कुणी आंघोळीचं घंगाळ, एकीने तर रश्श्याचं सोनेरी काठाचं चिनी भांडं. रविवारी पाद्रीसाहेबांनी या रानटी समजुतीवर कडक प्रवचन दिलं, घरी गेले आणि बायकोने दारात घातलेली कढई नीट सरळ रेषेत करून ठेवली. हे मला त्यांच्या स्वयंपाकिणीने सांगितलं आणि सांगताना ती हसून हसून खाली बसली.

कॅप्टन थर्लो मात्र मोठमोठ्याने हसायचा. "वहिनी, आता डोक्यात पिसं खोचून नाचा!" पण जेवण झाल्यावर सावलीत आडवा झाला की आपला पत्र्याचा मग तो उशाशी उपडा घालायचा. कुणी बघत नाही असं त्याला वाटायचं. माझ्यासारख्या बाईला तो "कुणी" धरत नव्हता, त्यामुळे मला बरंच काही दिसायचं.

आमची तर चैनच झाली. अख्ख्या टेकडीच्या दारोदारी हंडे उपडे, तेही मालकिणींनी आपल्या हाताने घातलेले. आता कुठल्याही दारात बसा, काहीही बोला. आयसमबाबा म्हणाला, "इतकी वर्षं आपण एका हंड्यावर भागवलं. देवाने आता सगळं गावच झाकून दिलं." त्या दिवसापासून आम्ही अगदी खालच्या पट्टीत गायलासुद्धा लागलो. लविनियाबाई मिसेस गॅल्टना कौतुकाने सांगायच्या, "बिचारे आपल्यासाठी प्रार्थना करतात हो!"

पण वेढा म्हणजे नुसती मजा नव्हे. जून उलटत आला तसं शहर आतून वाळत गेलं. मक्याचं पीठ संपलं. मग चवळीच्या पिठाची भाकरी आली. वरून दगड आणि आतून चिकट, पोटात गेली की रात्रभर तिथेच मुक्काम. मग खेचरांचा तुटवडा पडला. एकदा खाटकाने कातडं काढलेलं काहीतरी टांगलं होतं, शेपटी तेवढी कापली होती. मी नाव विचारलं नाही. बाईसाहेबांची अंगठी बोटातून घसरायला लागली, त्यांनी ती दोऱ्याने गळ्यात बांधली. कॅप्टन पट्ट्याला नवीन भोकं पाडत होता. ते बघून मी मनात म्हणायचे, अजून एक पाड, राजा.

आणि मग माझी नजर सिल्वीच्या मनगटांकडे जायची. वेढा लांबेल तितकी ती माझ्याजवळ राहणार, आणि लांबेल तितकी ती झिजणार. माझ्या वाटची भाकरी मी तिच्या भाकरीखाली सरकवायचे आणि ती परत माझ्याकडे सरकवायची. न बोलता आमची ती भांडणं चालायची. एकदा ती चुलीपाशीच भोवळ येऊन पडली. त्या दुपारी हंड्यापाशी माझी पाळी आली तेव्हा मला एवढंच म्हणता आलं, "देवा, जिंकायचं असेल तर लवकर जिंक रे बाबा."

मग एका सकाळी मला जाग आली ती शांततेने. तोफ नाही, बंदूक नाही. झाडावर एक पक्षी ओरडला तर मीच दचकले. समोरून बाईसाहेबांचा आवाज आला, "केझाया, आज त्यांचं जेवण फारच लांबलं, नाही?"

आयसमबाबा टेकडीच्या माथ्यावरून धावत खाली आला. इतकी वर्षं मी त्याला ओळखत होते, पण धावताना कधी पाहिलं नव्हतं. "पांढरी निशाणं!" तो ओरडत होता. "सगळ्या खंदकांवर पांढरी निशाणं! त्यांनी हात टेकले!" तो आमच्या गुहेत शिरला, फावडं उचललं आणि छताची माती खणायला लागला.

"अरे बाबा, आता कशाला? आता कोण राहतंय इथे!"

"राहायचं नाही गं. पण बाहेर पडायचं ते मान ताठ ठेवून!"

त्याने खरंच दार उंच केलं आणि आम्ही सगळे एकेक करून ताठ मानेने बाहेर आलो. खाली रस्त्यावरून निळे डगले रांगेने आत येत होते. आपल्या पोतडीतली बिस्किटं काढून ते त्या हडकलेल्या, दक्षिणेच्या बंडखोर सैनिकांना देत होते. आम्हालाही दिली. ती दगडासारखी बिस्किटं खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते दात दुखल्याने नव्हे.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण हरलेल्या फौजेला यांकींनी तुरुंगात टाकलं नाही. पुन्हा लढणार नाही असं लिहून द्या आणि घरी जा, असं ठरलं. आणि आमच्याबद्दल ठरलं ते असं. तुम्ही स्वतंत्र आहात, पण कुणाला आपल्या मर्जीने जुन्या मालकाबरोबर जायचं असेल तर त्याला अडवणार नाही. वेशीवर शिपाई विचारतील, मर्जीने जातेस का? हो म्हटलं की जा.

ज्याने हा नियम केला त्याला सिल्वी माहीत नव्हती.

फौज निघायच्या दिवशी बाईसाहेबांनी मला गोळ्यांनी पडलेल्या त्यांच्या घराची काच वेचायला पाठवलं. तासाभराने आयसमबाबा धापा टाकत आला. "केझाया, पळ. कॅप्टन पोरीला घेऊन जॅक्सनच्या रस्त्याला लागलाय. तिला सांगितलंय, यांकी तुझ्यासारख्या पोरी क्युबाला नेऊन विकतात, आणि विचारलं की फक्त मान डोलवायची."

मी आधी गुहेकडे पळाले. हंडा उचलला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. तो माझा होता. आयुष्यभर मी त्यात दुसऱ्यांचं शिजवलं होतं. माझं म्हणून नेण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"अगं, हंडा कुठे नेतेस?" बाईसाहेब समोरून ओरडल्या. "एखादा गोळा आला म्हणजे?"

"तुमचा आहे ना दारात, बाईसाहेब. तेवढा पुरे!"

जुलैचं ऊन, धूळ आणि डोक्यावर बिडाचा हंडा. वाटेत आयसमबाबाने तो घ्यायला हात पुढे केला, मी दिला नाही. वेशीवर पोचलो तर रस्त्याच्या दोन्ही कडांना निळे शिपाई उभे आणि मधून हरलेली फौज चाललेली. ज्यांच्याबरोबर नोकर होते त्यांना एक लाल मिशांचा सार्जंट थांबवून विचारत होता. बघ्यांना दोरीच्या अलीकडे ठेवलं होतं.

"सिल्वी!" मी हाक मारली.

एका शिपायाने बंदूक आडवी धरली. "बाई, गप्प राहायचं. कुणी कुणाला पढवायचं नाही. तिचं ती सांगेल."

"अहो, तीच तर अडचण आहे! तिला सांगता येत नाही!"

"मग ज्याच्या-त्याच्या मर्जीचा हुकूम आहे. पुन्हा ओरडलीस तर मागे पाठवीन."

कॅप्टन घोड्याजवळ उभा होता. त्याने सिल्वीचं कोपर धरलं होतं. पोरीची नजर जमिनीवर, बाईसाहेबांच्या खोलीत असायची तशी. सार्जंट त्यांच्यापाशी पोचला.

"काय गं मुली, आपल्या मर्जीने जातेस का?"

तिची हनुवटी खाली यायला लागली. ती मान मी ओळखत होते.

मला बोलायची बंदी होती. मी डोक्यावरचा हंडा उतरवला आणि दोरीला लागून रस्त्यावर उपडा घातला. बीड दगडांवर आपटलं, असा आवाज झाला की घोडा बुजला. मी पायातला लाकडी तळव्याचा जोडा काढला आणि कडेखाली सरकवला.

सिल्वीने वर पाहिलं. तिने हंडा पाहिला.

कॅप्टननेही पाहिला. आणि सांगते काय, त्या माणसाने उपडा हंडा बघितला आणि मान वर करून आभाळाकडे बघितलं. खांदे आखडले, गुडघे वाकले आणि दोन्ही हात डोक्यावर गेले. गोळा कुठून येतोय ते तो शोधत होता. सिल्वीचं कोपर सुटलं.

"नाही," सिल्वी म्हणाली.

कुजबुजली. सार्जंटने कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

तिने हंड्याकडे पुन्हा एकदा बघितलं, छातीत श्वास भरला, आणि इतक्या वर्षांचं जे काही आत साठलं होतं ते एकदम बाहेर आलं.

"नाही! नाही जायचं मला! ती माझी आई आहे, मी तिच्याजवळ राहणार! नाही, नाही, नाही!"

काय तो आवाज! एक अख्खी पलटण चालता चालता थांबली. मागच्या गाडीतलं खेचर, जे काही शेवटचं उरलं होतं ते, कान टवकारून ओरडलं. माझ्या बापाचा आवाज असाच होता. नदीच्या या काठावरून हाक मारली की त्या काठावरचा नावाडी उठायचा. तो आवाज पोरीच्या गळ्यात होता आणि मला पत्ता नव्हता.

"ऐकू आलं," सार्जंट कान चोळत म्हणाला. "कॅप्टन, तुम्ही चला पुढे."

"ती माझ्या भावाची... हे बघा, ती घाबरलीय, तिला कळत नाही..."

"मला तरी चांगलं कळलं. पलीकडच्या तळालाही कळलं असेल. चला!"

कॅप्टन डोक्यावरचे हात खाली घेऊन घोड्यावर चढला. सिल्वी दोरीखालून आली आणि माझ्या अंगावर आदळली. मी एका पायात जोडा आणि एक पाय उघडा अशी धुळीत बसले. आयसमबाबा हसत होता, रडत होता आणि पुन्हा हसत होता. सार्जंट थोड्या वेळाने आमच्यापाशी आला. त्याला राहवलं नसावं.

"बाई, या हंड्याची काय भानगड आहे?"

"काही नाही, साहेब. गोळे येऊ नयेत म्हणून घालतात."

"पण आता गोळे बंद झालेत."

"बघा, मग उपयोग झाला की नाही?"

त्याने जोरात मान हलवली आणि आपल्या शिधागाडीतून आम्हाला शेरभर घेवडा आणि डुकराच्या मांसाचा चांगला तुकडा दिला. मी हंडा उताणा केला. वेशीपाशीच चूल मांडली. त्यात पहिल्यांदा आमचं, आमच्यासाठी शिजलं. वास आला तशी टेकडीवरची आमची सगळी माणसं जमली आणि आयसमबाबाने गाणं धरलं, हंडा चुलीवर, तोंड आभाळाकडे, आवाज धरायला काहीच नाही. आम्हाला सुरुवातीला पट्टीच सापडेना. मोठ्याने गायची सवय कुणाला होती? मग सिल्वीने सूर लावला आणि आम्ही तिच्या मागे गेलो.

ऊन कलल्यावर मी सिल्वीला घेऊन टेकडीवर गेले, पांघरुणं आणायला. तोफा थांबून आठवडा झाला होता, तरी दारोदारी हंडे अजून उपडे. काढायची कुणाची छाती होईना. लविनियाबाई आपल्या दारात उभ्या होत्या. भुकेने अर्ध्या झालेल्या, गळ्यात दोऱ्याला अंगठी.

"केझाया, आता काढला तर चालेल का गं?" त्यांनी हंड्याकडे बोट दाखवलं.

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही खरंखुरं विचारलं होतं. माझ्या मनात दोन-तीन उत्तरं आली. पण ती बाई थरथरत होती.

"चालेल," मी म्हटलं. "सिल्वी, काढ गं तो."

"हळूच काढू का, आई? आत काय काय साठलं असेल!"

"कशाला हळू?"

तिने हंडा पायाने उलटवला. मग मिसेस गॅल्टचा, मग त्यांच्या बहिणीचा, पाद्रीसाहेबांची कढई, ते सोनेरी काठाचं चिनी भांडं. प्रत्येक दारापाशी "हा निघाला!" म्हणून आरोळी ठोकत ती पुढे पळाली. टेकडीच्या पार त्या टोकापर्यंत ठणाठणा हंडे उताणे होत गेले आणि तिचा आवाज त्यांच्यावरून नदीकडे जात राहिला.

लविनियाबाईंनी दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. "कोण ओरडतंय हे?"

"सिल्वी."

"आपली सिल्वी? तिला सांग जरा, हळू म्हणावं. माझं डोकं..."

"तुम्हीच सांगून बघा," मी पांघरुणं काखेत मारत म्हटलं. "मी सांगणार नाही."